बाळाची पहिली लस आणि नागपुरातलं बाळंतपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रसूती वॉर्डात सिस्टर म्हणून मी बरीच वर्षं काढली. आता निवृत्त आहे, पण वस्तीतल्या मुली, त्यांच्या आया, सासवा अजूनही दारात येऊन विचारतात. तेच प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं एका ओळीत संपतात. काही ठिकाणी मी जास्त बोलले आहे, कारण तिथेच बाळांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे.

जन्मल्याबरोबर देतात ती हिपॅटायटिस बीची लस म्हणजे पांढऱ्या काविळीची लस का?

हो. आपल्याकडे लोक हिपॅटायटिस बीला पांढरी कावीळ म्हणतात. हा यकृताचा विषाणूजन्य आजार आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ वेगळी. ही रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला लागते. पुष्कळदा डोळे पिवळे होत नाहीत, अंग दुखत नाही, माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो आणि आतून यकृत खराब होत जातं. झाडून, माळ घालून किंवा हात धुऊन ही कावीळ उतरत नाही. त्यात वेळ गेला तर तो यकृताचा जातो.

पण एवढी घाई कशाला? बाळाला जरा सावरू द्या, सव्वा महिन्यानं टोचू.

हा प्रश्न बहुतेक आजीबाई विचारतात, आणि मायेनंच विचारतात. इवल्याशा मांडीत सुई जाताना बघवत नाही, हे मलाही कळतं.

मोठ्या माणसाला या विषाणूची लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणांचं शरीर तो स्वतःच हुसकावून लावतं. नवजात बाळाच्या बाबतीत उलटं होतं. जन्माच्या वेळी लागण झालेल्या शंभर बाळांपैकी जवळपास नव्वद बाळांच्या शरीरात विषाणू कायमचा मुक्काम करतो. पुढे तिशी-चाळिशीत कुणाला यकृताचा सिरोसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) होतो, कुणाला कर्करोग. घरचा कमावता माणूस अंथरुणाला खिळतो, आणि हे दुखणं बाळंतपणाच्या खोलीत सुरू झालं होतं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आईच्या रक्तात विषाणू असेल तर बाळाला तो मुख्यतः जन्माच्या वेळीच लागतो. म्हणून लसही तेव्हाच द्यायची. विषाणूनं यकृतात घर करण्याआधी बाळाचं शरीर तयार करायला लसीला थोडी आघाडी लागते, ती या पहिल्या तासांत मिळते. दर तासागणिक ती कमी होते. २४ तास ही शेवटची मुदत समजा. लस शक्य तितक्या लवकर द्यायची असते.

हा विषाणू ओळखण्याची वाट दाखवणाऱ्या बारूक ब्लमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. तैवाननं १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग कमी झाला. आपल्या सरकारी लसीकरणात ही लस २००२-०३ च्या सुमारास काही ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०११ पासून देशभर दिली जाते. म्हणजे आज दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बऱ्याच मुलींना स्वतःच्या जन्माच्या वेळी ती मिळालेलीच नाही.

माझी तपासणी निगेटिव्ह आली आहे. तरी बाळाला लस लागते का?

लागते. तपासणी तिसऱ्या महिन्यात झाली आणि लागण सातव्या महिन्यात झाली, असं होऊ शकतं. रिपोर्टची अदलाबदल होते, कागद माहेरच्या पिशवीत राहतो. शिवाय घरात आणखी कुणाला हा आजार असेल आणि त्यालाच माहीत नसेल, तर बाळाला पुढे त्याच्याकडूनही लागू शकतो. म्हणून ही लस प्रत्येक बाळाला द्यायची आहे. आईचा रिपोर्ट पाहून ठरवायची ती गोष्ट नाही.

जन्मल्यावर एकूण काय काय टोचतात?

मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला हिपॅटायटिस बीचा अर्धा मिलिलिटर. डाव्या दंडावर बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस. तोंडात पोलिओचे दोन थेंब, त्याला शून्य डोस म्हणतात. शिवाय रक्तस्राव होऊ नये म्हणून जीवनसत्त्व के चं इंजेक्शन मांडीत देतात. ती लस नाही. पुष्कळ घरी या दोन सुयांचा गोंधळ होतो. "मांडीत इंजेक्शन दिलं ना," एवढ्यावर समाधान मानू नका. कोणतं दिलं ते विचारा.

पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस असते. तिच्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) यांच्यासोबत हिपॅटायटिस बीही असते. म्हणजे जन्माचा एक आणि नंतरचे तीन, असे चार डोस. पहिला झाला म्हणून पुढचे टाळायचे नाहीत, आणि पुढचे मिळणारच आहेत म्हणून पहिला सोडायचा नाही.

बाळ रात्री झालं, दुसऱ्या दिवशी रविवार. सिस्टर म्हणाल्या सोमवारी या. काय करावं?

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच्यावर. नागपुरात लस नाही म्हणून बाळ राहतं असं मी क्वचित पाहिलं. राहतं ते "सोमवारी या" मुळे.

माझ्या भाचीचं बाळंतपण एका छोट्या दवाखान्यात झालं. शनिवारी रात्री साडेअकराला मुलगा झाला. मी रविवारी दुपारी डबा घेऊन गेले आणि सवयीनं आधी कार्ड उघडलं. बीसीजीची चौकट रिकामी, हिपॅटायटिस बीचीही रिकामी. विचारलं तर ड्यूटीवरची मुलगी म्हणाली, "बाटली दहा डोसची आहे ताई, एका बाळासाठी फोडली तर बाकीची वाया जाते. सोमवारी चार-पाच बाळं जमली की देतो." सोमवार सकाळपर्यंत त्या बाळाचे ३४ तास झाले असते.

त्या मुलीवर मी रागावले नाही. तिला तसंच शिकवलं होतं. पण शिकवणं चुकीचं होतं. हिपॅटायटिस बीची बाटली उघडली की त्याच दिवशी फेकायची नसते. उघडल्याची तारीख-वेळ बाटलीवर लिहून, २ ते ८ अंश तापमानात नीट ठेवली, तर सरकारी नियमाप्रमाणे ती चार आठवडे वापरता येते. बीसीजीची मात्र उघडल्यावर चार तासांत संपवावी लागते. लोक दोन्हींना एकच नियम लावतात आणि बाळ थांबून राहतं. मी डॉक्टरांना फोन लावायला लावला, त्यांनी होकार दिला. संध्याकाळी साडेसातला लस टोचली. विसावा तास.

तुमच्यावर ही वेळ आली तर भांडू नका, पण उठूही नका. इतकंच म्हणा: "ही लस २४ तासांत द्यायची असते. बाटली उघडल्यावर चार आठवडे चालते. आमच्या बाळाला आत्ता द्या." तरी नाही म्हणाले तर डॉक्टरांना बोलवायला सांगा. त्या दवाखान्यात लस ठेवतच नसतील, तर कुठे मिळेल ते विचारून त्याच दिवशी व्यवस्था करा. मुळात बाळंतपणासाठी नाव नोंदवतानाच विचारून ठेवा: रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी बाळ झालं तर ही लस मिळेल का? या एका प्रश्नावरून दवाखान्याची बरीच परीक्षा होते.

मे महिन्यात ४५ अंश तापतं. लाइट गेली तर लस खराब होत नाही का?

लसीच्या बाटलीवर एक छोटा गोल असतो आणि त्याच्या आत उष्णतेनं गडद होत जाणारा चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चालते. दोन्हींचा रंग एकसारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर चालत नाही. सिस्टरला दाखवायला सांगा, कुणी नाही म्हणणार नाही.

पण खरं सांगू? या लसीला उन्हापेक्षा बर्फाचं भय जास्त. ती एकदा गोठली की निकामी होते आणि नुसती वरून पाहून ते ओळखू येत नाही. म्हणून फ्रीजरमध्ये किंवा बर्फाला चिकटून ठेवलेली बाटली नको.

बाळ पिवळं पडलंय. मग काविळीची लस द्यायची का?

द्यायची. नवजात बाळाची कावीळ आणि हिपॅटायटिस बी या वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच बाळांच्या अंगावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळसर झाक येते, काहींना निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं. त्यासाठी लस थांबवत नाहीत, आणि लसीमुळे कावीळ होतही नाही. यीस्ट वापरून बनवलेल्या या लसीत जिवंत विषाणू नसतो. मात्र पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं दिसलं, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना, तर कोवळ्या उन्हात धरत बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

वजन फक्त एक किलो आठशे आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय.

आई पॉझिटिव्ह असेल तर कमी वजन हे लस थांबवायचं कारण नाही, बाळाला लगेच द्यायची. इतर बाळांचं, बाळ स्थिर आहे का ते पाहून डॉक्टर ठरवतात. तुमचं काम एकच, राउंडच्या वेळी रोज आठवण करून देणं. पेटीतल्या बाळाची लस विसरली जाते, हा माझा अनुभव आहे.

मी पॉझिटिव्ह आहे. आता काय?

आधी श्वास घ्या. तुमच्यासारख्या आयांची निरोगी बाळं मी खूप पाहिली आहेत. काम एवढंच, की दिवस भरायच्या आधी तयारी करायची.

एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ओळखणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आल्यावर पुढच्या रक्ततपासण्या होतात. रक्तात विषाणूचं प्रमाण फार जास्त असेल, मिलिलिटरमागे साधारण दोन लाख युनिटच्या वर, तर डॉक्टर शेवटच्या महिन्यांत टेनोफोव्हिरची गोळी सुरू करतात. त्यानं बाळाकडे जाणारा विषाणू कमी होतो. ही गोळी मनानं सुरू करायची नाही आणि मनानं बंदही करायची नाही.

बाळ झाल्यावर त्याला दोन सुया लागतात. एक नेहमीची लस. दुसरी हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. दोन्ही वेगवेगळ्या मांड्यांत, शक्यतो १२ तासांच्या आत. ही दुसरी सुई बाजारात महाग आहे आणि ऐनवेळी रात्री शोधत फिरावं लागतं. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत देण्याची तरतूद आहे. म्हणून आठव्या महिन्यातच सरकारी रुग्णालयात विचारून ठेवा: इम्युनोग्लोब्युलिन इथे आहे का, माझ्या नावानं कळवून ठेवाल का? रिपोर्टची प्रत कार्डाला टाचणीनं लावा.

लस वेळेवर आणि सोबत ही सुई दिली, तर शंभरातली पंच्याऐंशी ते पंचाण्णव लागण टळते. सगळे डोस झाल्यावर नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान बाळाचं रक्त तपासायचं. तोवर मनाला लावून घेऊ नका.

केवळ या आजारासाठी सिझेरियन करायची गरज नसते. आणि एखाद्या खासगी दवाखान्यानं रिपोर्ट पाहून हात वर केले, तर लाजेनं घरी जाऊन बसू नका. प्रत्येक बाळंतपणात घ्यायची असते तीच काळजी इथेही पुरते. मेडिकल, मेयो, डागा या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत अशा बाया बाळंत होतात.

अंगावर पाजू का?

पाजा. लस दिली की मुळीच भीती नाही. लसीची वाट बघत दूध थांबवायचंही नाही. स्तनाग्रं चिरून रक्त येत असेल तर सिस्टरला दाखवा.

सासरी सांगायचं कसं? मलाच नावं ठेवतील.

हे विचारताना मुलींचा आवाज खाली जातो. नावं ठेवणाऱ्यांना सांगा, की या मुलीला हा आजार बहुधा तिच्याच जन्माच्या वेळी लागला असेल, तेव्हा ही लस सरसकट मिळत नव्हती. तिच्या चारित्र्याचा इथे संबंध काय? नवऱ्याची आणि घरातल्या मुलांची तपासणी करा, निगेटिव्ह आले तर त्यांना लस द्या. मोठ्यांना तीन डोस लागतात: पहिला आज, दुसरा महिन्याभरानं, तिसरा सहाव्या महिन्यात. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, बाळाचा पापा घेतल्यानं हा आजार लागत नाही. तिची भांडी वेगळी करू नका. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, टूथब्रश आणि नखं कापायचं नेलकटर.

बारशाला कान टोचायचे आहेत, पुढे जावळ काढायचं आहे. चालेल?

चालेल, पण सुई आणि ब्लेड नवं हवं. वाळलेल्या रक्तात हा विषाणू सात दिवस जिवंत राहू शकतो. सोनाराकडे आधीच्या बाळाचे कान टोचलेली तार नुसती पुसून तुमच्या बाळाच्या कानात जाऊ देऊ नका. निर्जंतुक सुई वापरायला सांगा, किंवा दवाखान्यात टोचून घ्या. जावळासाठी न्हाव्याला नवं ब्लेड तुमच्यासमोर फोडायला लावा, ते आपणच विकत नेलं तर उत्तम. गोंदणालाही हेच लागू.

नागपुरात बाळंतपणासाठी कुठे नाव नोंदवावं?

घराजवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावच्या उपकेंद्रात सुरुवात करा. तिथे आशाताई माता व बाल संरक्षण कार्ड करून देतात. पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. तेव्हाच हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिफिलिस यांच्यासोबत हिपॅटायटिस बीची तपासणी मागा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी होते, तीही चुकवू नका.

बाळंतपणासाठी शहरात गांधीबागेजवळचं डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय आहे, ते बाया-बाळांसाठीच आहे. मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मेयो म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे गुंतागुंतीच्या केसेस विदर्भातून, छिंदवाडा-शिवनीहूनही येतात. मिहानला एम्स आहे. महापालिकेचं पाचपावलीला सूतिकागृह आहे. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं आहेत.

माझं मत विचाराल तर पहिलं, साधं, जोखीम नसलेलं बाळंतपण जवळच्या चांगल्या केंद्रात करा. मोठ्या रुग्णालयात गर्दी असते, एका खाटेभोवती चार नातेवाईक असतात. पण रक्तदाब वाढलेला, आधीचं सिझेरियन, जुळं, रक्त कमी, किंवा हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, यांपैकी काहीही असेल तर मोठं रुग्णालयच गाठा आणि ते आधीच ठरवून ठेवा.

पैसे किती लागतात?

सरकारी रुग्णालयात लागायला नकोत. १ जून २०११ ला सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे साधं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर ती जपून ठेवा आणि रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांकडे विचारणा करा.

जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमातीच्या बायांना आपल्या राज्यात ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र बायांना पहिल्या बाळासाठी ५००० रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर ६००० रुपये मिळतात. यातला पहिल्या बाळाचा दुसरा हप्ता जन्मनोंदणी आणि बाळाच्या चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर येतो. जन्मनोंदणी २१ दिवसांच्या आत करा.

आम्ही छत्तीसगडहून वीटभट्टीवर आलो. आधार नाही, रेशनकार्ड गावी राहिलं.

बाळंतपण आणि लस त्यावाचून अडत नाही. कागद लागतो तो पैशांच्या योजनेला. पोटात कळा असताना बाईला आधी आधार मागणाऱ्याला शांतपणे सांगा की आधी दाखल करा, कागद मागाहून देतो. मुकादमाला मी दरवेळी विनवते: आठव्या महिन्यापासून गाडीवाल्याचा नंबर भट्टीवरच्या प्रत्येक बाईकडे असू द्या.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आहे. नाव सासरच्या गावी आहे.

अवश्य करा, पण कार्ड आणि सगळे रिपोर्ट सोबत न्या, नुसते मोबाइलमध्ये फोटो नकोत. माहेरच्या आशाताईला सातव्या महिन्यातच भेटा. बाळ माहेरी, कार्ड सासरी, अशानं सहा आठवड्यांची लस तीन महिन्यांवर गेलेली मी पाहिली आहे. कुठल्याही सरकारी केंद्रावर लस मिळते, जिथे बाळ आहे तिथेच घ्या.

गाडी मिळाली नाही, घरीच झालं. किंवा वाटेत झालं.

रामटेकच्या पुढे देवलापारकडच्या पाड्यांत पावसाळ्यात अजूनही असं होतं. बाळ-बाळंतिणीची ने-आण १०२ वर, जिवावर बेतलं तर १०८. घरी झालं असेल तर बाळाला कोरडं करून आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घाला, आंघोळ घालू नका, नाळेला काही लावू नका. मग आशाताईला फोन, आणि २४ तासांच्या आत दोघांना घेऊन जवळचं आरोग्य केंद्र गाठा. "बाळंतीण पाच दिवस उंबरा ओलांडत नाही," असं घरात कुणी म्हणालंच, तर बाळाला कुशीत घेऊन आजीनंच सोबत चलावं. मी अशा दोन आजींना रिक्षात बसवून नेलं आहे.

चोवीस तास उलटून गेले.

तरी बालरोगतज्ज्ञांना लगेच विचारा, विशेषतः आई पॉझिटिव्ह असेल तर. उशिरा दिलेल्या डोसचाही काही उपयोग होतो, जितका लवकर तितका जास्त. सरकारी वेळापत्रकात मात्र हा डोस २४ तासांपुरताच आहे, त्यानंतर थेट सहा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट. ती तारीख एक दिवसही पुढे ढकलू नका.

लस दिल्यावर ताप येतो का?

जन्माच्या डोसला क्वचित, तोही हलका. टोचल्या जागी थोडी लाली येते. चोळू नका, शेकू नका, हळद-तेल लावू नका. नवजात बाळाचं अंग खरोखर गरम लागलं तर ते लसीचं म्हणून घरी थांबू नका, दाखवा.

घरी जाताना कार्डावर काय बघायचं?

हिपॅटायटिस बी, जन्माचा डोस, त्यापुढे तारीख. वेळही लिहून घ्या, सिस्टर लिहून देतात. पोलिओचा शून्य डोस, बीसीजी. बाळाचं वजन. सहा आठवड्यांनी येणारी पुढची तारीख. चौकट रिकामी दिसली तर पिशवी परत खाटेवर ठेवा, रिक्षावाल्याला थांबायला सांगा, आणि नर्सिंग स्टेशनवर जाऊन विचारा. लस टोचून होईपर्यंत जिना उतरू नका.